एका रात्रीचे भाषांतर

भाषांतर म्हटले की आपल्यापुढे नाटके-कादंबऱ्या उभ्या राहतात. माझे शिक्षण थोडे, आयुष्य गेले कामगार संघटनेत. माझ्या वाट्याला आली ती करारांची भाषांतरे. म्हणून आज अशाच एका कराराची हकीकत सांगतो.

न्यूझीलंड हा माओरी लोकांचा देश. १८४० च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी कॅप्टन विल्यम हॉब्सन तेथे उतरला. देश राणीच्या अमलाखाली आणावयाचा, पण माओरी सरदारांच्या संमतीने, असा त्याला हुकूम होता. इंग्रजी मसुदा त्याने ४ फेब्रुवारीस हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती दिला. विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी एका रात्रीत त्याचे माओरीत भाषांतर केले. ५ तारखेस वैतंगी येथे ते सरदारांना वाचून दाखविले. ६ तारखेस सह्यांना आरंभ झाला.

इंग्रजीच्या पहिल्या कलमात सरदार आपले सार्वभौमत्व राणीला देत होते. माओरीत तेथे शब्द आला ‘कावनातांगा’. ‘गव्हर्नर’ या शब्दाचे माओरी रूप ‘कावना’. बायबलाच्या भाषांतरातला रोमन सुभेदार पिलात हा असा ‘कावना’. म्हणजे सरदारांनी दिली ती कारभाराची मुखत्यारी. दुसऱ्या कलमात इंग्रजी प्रत जमिनी, जंगले व मासेमारी यांचा ताबा त्यांच्याकडे ठेवते. माओरी प्रत ‘रंगातिरातांगा’, म्हणजे सरदारकीचा संपूर्ण अधिकारच ठेवते. मग सत्ता आपल्याकडेच राहिली असे त्यांना वाटले, यात नवल काय?

विल्यम्सला दुसरा शब्द ठाऊक नव्हता असे नव्हे. तो १८२३ पासून तेथे राहत होता. १८३५ साली सरदारांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, त्याचे माओरी भाषांतर त्यानेच केले होते, आणि त्यात सत्तेसाठी ‘माना’ हा शब्द आहे. १८४० मध्ये ‘तुमचा माना द्या’ असे म्हटले असते तर किती हात सहीसाठी पुढे आले असते? विल्यम्सच्या हेतूविषयी इतिहासकारांत वाद आहे. परिणामाविषयी नाही.

पाचशेहून अधिक सरदारांनी सह्या केल्या. त्यांपैकी इंग्रजी प्रतीवर अवघ्या ३९. तरी राज्य चालले ते इंग्रजी प्रतीच्या अर्थाने. १८६३ च्या कायद्याने एकट्या वैकाटोत सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. तक्रारी ऐकण्यासाठी न्यायाधिकरण नेमले गेले ते १९७५ साली, आणि त्या पहिल्या सरदारांनी सार्वभौमत्व दिलेच नव्हते, हा त्याचा निष्कर्ष यावयास २०१४ उजाडले.

विल्यम्सला दोष देताना माझी जीभ अडखळते. तरुणपणी एका कारखान्याचा करार मी दाराशी सभा घेऊन समजावून सांगितला. इंग्रजीत होते, कमी केलेल्या माणसांना परत घेण्याचा कंपनी विचार करू शकेल. मी सांगितले, ‘परत घेतील.’ संप मिटावा अशी माझीच इच्छा होती. त्या इच्छेने माझे क्रियापद बदलले. लोकांनी माझ्या शब्दावर अंगठे उठविले. कंपनीने विचार केला, आणि कोणालाही घेतले नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. मसुदा आधी मराठीत वाचावयाचा, ऐकणाऱ्याकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यावयाचा, आणि दोन प्रतींत फरक पडल्यास मराठी प्रत खरी, हे कलम करारातच घालण्याचा आग्रह धरावयाचा. मालक त्याच कलमावर सर्वांत जास्त भांडतात.