पायपोस ते पाद-प्रश्नावली : दाभोळच्या संदर्भात भाषांतर आणि आरोग्यमापनाचा विचार

प्रस्तावना :
वेदना मोजणारे यंत्र नाही. ती जाणून घ्यायची तर रुग्णालाच विचारावे लागते. म्हणून आधुनिक वैद्यकात रुग्णाने स्वतः भरावयाच्या प्रश्नावलींना महत्त्व आले. एका समाजात तयार झालेली प्रश्नावली दुसऱ्या समाजात नेताना शब्दांबरोबर राहणीचाही विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात तुर्की भाषेतील पाद-प्रश्नावलीच्या आधारे, दाभोळच्या संदर्भात या प्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

दाभोळ आणि शब्दांचा प्रवास :
वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले दाभोळ हे बहामनी व आदिलशाही काळातील प्रमुख बंदर होते. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा तुर्की राजपुत्र असून तो दाभोळला उतरला, असे फिरिश्ता सांगतो. त्याच्या वंशाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला रशियन प्रवासी अफानासी निकितिन दाभोळला परदेशांतून येणाऱ्या घोड्यांचा उल्लेख करतो. परतताना तो येथूनच जहाजात बसला आणि होर्मुझमार्गे काळ्या समुद्रावरील त्राबझोनला पोहोचला.

या व्यापारी जगाची एक प्रमुख भाषा फारसी होती. फारसीतील 'पापोश' म्हणजे पायाचे आच्छादन. मराठीत त्याचा 'पायपोस' झाला, तुर्कीत 'पाबुच'. दोन्ही भाषांनी हा शब्द आपापल्या वाटेने स्वीकारला. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. तरीही असे अनेक शब्द लोकांच्या तोंडी राहिले. कोणता शब्द टिकतो हे अखेर बोलणारे ठरवितात.

तुर्की रूपांतर :
पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाडाचा उंचवटा येऊन अंगठा इतर बोटांकडे कलणे, या विकाराच्या शस्त्रक्रियेचा परिणाम रुग्णाच्या दृष्टीने तपासण्यासाठी 2006 मध्ये मँचेस्टर-ऑक्सफर्ड पाद-प्रश्नावली प्रमाणित झाली. तिच्यातील 16 प्रश्नांपैकी चालणे व उभे राहणे यांवर 7, वेदनेवर 5 आणि सामाजिक वावरावर 4 आहेत. तिचे तुर्की रूपांतर 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा कामाची सर्वमान्य पद्धत 2000 साली बीटन व सहकाऱ्यांनी मांडली होती. तीनुसार दोन अनुवादक स्वतंत्र भाषांतरे करतात व त्यांतून एक संहिता सिद्ध होते. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्ती तिचे उलट भाषांतर करतात. त्यानंतर तज्ज्ञांची समिती संहिता तपासते आणि शेवटी 30 ते 40 जणांवर तिची चाचणी होते.

मराठीतील प्रयत्न :
मराठीतही याच दिशेने काम झाले आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 मध्ये संधिवाताच्या पाहणीचा प्रकल्प सुरू झाला आणि ग्रामीण रुग्णांच्या तक्रारींची घरोघरी जाऊन नोंद करण्यात आली. कंबरदुखीसाठीच्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीच्या मराठी रूपाची विश्वसनीयता तपासणारा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रश्नावलीच्या इंग्रजी संहितेत अंतरे मैल व यार्डांत आहेत. गुडघा व खुब्याच्या संधिवातासाठीच्या वोमॅक प्रश्नावलीत मोजे घालणे आणि स्नानाच्या टबात उतरणे यांविषयी प्रश्न आहेत. उकिडवे बसून कामे करणाऱ्या शेतकरी स्त्रीला ते विचारून तिच्या गुडघ्याची स्थिती कळणे कठीण. पुण्याच्या संधिवात केंद्राने या प्रश्नावलीचे भारतीय वापरासाठी सुधारित रूप तयार केले, त्याची गरज यावरून ध्यानी येते.

दाभोळच्या पायवाटेवर :
पाद-प्रश्नावलीच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. 1958 मध्ये हाँगकाँग येथील अभ्यासात अंगठ्याचा हा विकार पादत्राणे वापरणाऱ्यांत 33 टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत 1.9 टक्के आढळला होता. म्हणजे पायपोस हा या विकाराच्या इतिहासाचाच भाग आहे. मूळ प्रश्नावली खडबडीत जमिनीवर चालणे रुग्ण टाळतो का, चालण्याऐवजी बस वा मोटार पकडतो का, घालाव्या लागणाऱ्या बुटांमुळे संकोचतो का, असे विचारते. कोकणात मात्र जांभ्या दगडाची पाखाडी हीच अनेक घरांची एकमेव वाट असते. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती चढणारी स्त्री 'मी टाळत नाही' असे उत्तर देईल, कारण टाळण्याची सोयच तिला नाही. गुणांकनात तिची वेदना कमी भरेल. बूट न वापरणाऱ्या व्यक्तीला बुटांविषयीचा संकोच लागूच होत नाही. उलट, घरात अनवाणी वावरताना, उकिडवे बसताना किंवा नमाजाच्या बैठकीत बोटे दुमडताना होणारा त्रास त्या 16 प्रश्नांत कोठेच विचारलेला नाही.

निष्कर्ष :
'पापोश' हा शब्द दोन भाषांत सहज रुळला. प्रश्नाला ती सवलत नाही; तो प्रत्येक समाजात नव्याने पारखून घ्यावा लागतो. रूपांतराच्या अखेरच्या टप्प्यात सामान्य रुग्णांचे मत घेणे म्हणूनच अनिवार्य ठरते. शस्त्रक्रियेचा निर्णय आणि तिच्या यशाचे मूल्यमापन या उत्तरांच्या आधारे होत असेल, तर प्रश्न चुकल्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. दाभोळच्या पाखाडीवरील पायाचे दुखणे नोंदवायचे असेल, तर प्रश्नात प्रथम ती पाखाडी यावयास हवी.