पनवेल लोकलच्या वाटेवरचा फुटबॉल : रोव्हर्स चषकापासून सुपर लीगपर्यंत

१)
६ नोव्हेंबर २०२३. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना होता. एका बाजूला सौदी अरेबियाचा बलाढ्य अल हिलाल, दुसऱ्या बाजूला मुंबई सिटी. सोडत निघाल्यापासून साऱ्यांचे डोळे नेमारकडे लागले होते. परंतु ऑक्टोबरमध्ये गुडघ्याला झालेल्या दुखापतीमुळे तो आलाच नाही. तरीही तीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. मुंबई सिटी ०-२ अशी हरली, पण या भागात फुटबॉलला किती मोठा प्रेक्षकवर्ग आहे हे त्या रात्री दिसून आले.

२)
नेरूळहून हार्बर मार्गाने पुढे निघाले की सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर आणि शेवटी पनवेल. यांतले खारघर २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेच्या हद्दीत येते आणि तेथे सिडकोने खास फुटबॉलसाठी केंद्र उभारले आहे. एके काळी मुंबईचा फुटबॉल म्हणजे दक्षिण मुंबईतले कूपरेज मैदान, असे समीकरण होते. तो खाडी ओलांडून इथवर कसा आला? आणि प्रेक्षक वाढत असताना क्लब मात्र एकामागून एक का मिटले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच इतिहासात दडलेली आहेत.

३)
आरंभ लष्करी छावणीतला. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला आणि पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटने मिळवला. पुढची साडेचार दशके हा चषक गोऱ्या पलटणींच्याच हाती फिरत राहिला. १९३७ साली बेंगळुरू मुस्लिम्स या मुलकी भारतीय संघाने ही मक्तेदारी मोडली. स्वातंत्र्यानंतर, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे, सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने चषक जिंकला. कूपरेज हे तेव्हा देशाच्या फुटबॉलचे एक प्रमुख तीर्थक्षेत्र होते.

४)
मुंबईचे स्वतःचे संघ घडले ते कंपन्यांच्या आश्रयाने. कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, मध्य आणि पश्चिम रेल्वे, महिंद्र ही नावे म्हणजे शहराच्या अर्थव्यवस्थेची यादीच होय. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स चषकही पटकावला. खेळाडू कागदोपत्री हौशी असे, कारण ऑलिंपिकचे दरवाजे त्या काळी हौशी खेळाडूंनाच खुले होते. प्रत्यक्षात त्याला कंपनीत नोकरी मिळे, सरावासाठी सवलत मिळे आणि पाय थकल्यावरही महिन्याचा पगार चालू राहत असे.

५)
या व्यवस्थेला आज कुणी मागासलेली म्हणेल. कनिष्ठ मध्यमवर्गीय आणि कष्टकरी घरांतल्या मुलांसाठी मात्र ती आयुष्याची हमी होती. तिचा दोष दुसरीकडे होता. संघ कंपनीचा होता, वस्तीचा नव्हता. तिकीट काढून येणारा प्रेक्षक हा संघाच्या जमाखर्चाचा आधार नव्हताच. मालकाची मर्जी आणि कंपनीची भरभराट हेच दोन खांब होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची औद्योगिक घडी विस्कटू लागली, तेव्हा या रचनेच्या पायाखालची जमीनही सरकत गेली.

६)
याच सुमारास अमेरिकेत एक वेगळाच प्रयोग कोसळत होता. १९६८ साली सुरू झालेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने १९७५ मध्ये पेलेला न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये आणले. हाच कॉसमॉस संघ २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळला आणि सामना २-२ असा सुटला. नामवंत खेळाडूंवर पैसा ओतला गेला, परंतु त्यामागे स्थिर उत्पन्न नव्हते. १९८४ च्या हंगामानंतर ती लीगच बंद पडली.

७)
आता एक विलक्षण योगायोग पाहण्यासारखा आहे. अमेरिकेने १९९४ चा विश्वचषक भरवला. त्या स्पर्धेला पस्तीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले. त्या उत्साहावर एप्रिल १९९६ मध्ये दहा संघांची मेजर लीग सॉकर उभी राहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. दोन्ही देशांत फुटबॉल लोकप्रियतेत इतर खेळांच्या मागे होता आणि दोघांनी एकाच वर्षी नव्याने डाव मांडला. पुढच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या.

८)
अमेरिकेची वाटही सुखाची नव्हती. २००१ च्या हंगामानंतर फ्लोरिडातले दोन संघ, टॅम्पा बे आणि मायामी, बंद करावे लागले. तरी लीग टिकली. लीगची मालकी सामायिक होती, खेळाडूंच्या पगारावर मर्यादा होती आणि १९९९ साली कोलंबसमध्ये खास फुटबॉलसाठी स्टेडियम बांधून स्वतःच्या मैदानांची सुरुवात झाली होती. अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य मैदानात हरवून जाणारा प्रेक्षक छोट्या मैदानात दाटीने बसू लागला. २००७ साली बेकहॅम आणि २०२३ साली मेस्सी आले, ते या तयार पायावर.

९)
इकडे मुंबईत महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली मिळालेले हे यश मुंबईच्या क्लबसाठी अपूर्व होते. १९६२ पासूनची परंपरा, फेडरेशन चषकाची विजेतेपदे आणि राष्ट्रीय अजिंक्यपद एवढे सारे गाठीशी असूनही २००९-१० च्या हंगामानंतर कंपनीने संघ बंद केला. शालेय फुटबॉलकडे लक्ष देण्याचे कारण पुढे करण्यात आले. विजेतेपदानंतर अवघ्या चार वर्षांत देशाचा माजी विजेता क्लब इतिहासजमा झाला.

१०)
ही एकट्या महिंद्रची गोष्ट नाही. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर थांबला. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, तरी पुढे काही वर्षांतच त्याचा वरिष्ठ संघ बंद झाला. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि मग दिसेनासा झाला. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटीदेखील २०१९ साली मिटला व त्याची जागा हैदराबादने घेतली. संघ बदलले, मालक बदलले. पण एकाचा आश्रय सुटला की सारे संपते, हा जुना दोष कायम राहिला.

११)
मधल्या काळात प्रेक्षक मात्र बदलला होता. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांनी युरोपातले सामने घराघरांत आणले. नवी मुंबई आणि पनवेलच्या नव्या वसाहतींत केरळ, गोवा, बंगाल, ईशान्य भारत अशा फुटबॉलवेड्या प्रदेशांतून कुटुंबे येऊन स्थिरावली. कंपनीच्या संघाशी या नव्या पिढीचे काही नाते नव्हते. तिला शहराचे नाव मिरवणारा संघ हवा होता, आणि तो तिला २०१४ साली मिळाला.

१२)
इंडियन सुपर लीगचा साचा अमेरिकी धाटणीचा होता : ठरावीक संघ, शहरांची नावे, खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नाही. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नेरूळला मुंबई सिटीने पुणे सिटीचा ५-० असा पराभव केला; आंद्रे मोरित्झने लीगच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक नोंदवली. पण ज्या मैदानावर हे घडले, त्यावर २००८ साली पहिल्या आयपीएलची अंतिम लढत झाली होती. फुटबॉल तेथे पाहुणाच होता. २०१६ पासून मुंबई सिटीचे सामने अंधेरीला हलले.

१३)
तरीही मोठ्या स्पर्धांसाठी नेरूळच निवडले गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाची माली-स्पेन उपांत्य लढत तेथे झाली. देशभरात मिळून त्या स्पर्धेला १३,४७,१३३ प्रेक्षक आले, म्हणजे सरासरी प्रत्येक सामन्याला सुमारे सव्वीस हजार. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मुंबईत जन्मलेला व अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. भारताचा पहिलाच सामना दिल्लीत अमेरिकेशी झाला आणि अमेरिकेने तो ३-० असा जिंकला.

१४)
स्पर्धेआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्य शासनाने दहा लाख विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम राबवला. २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला. इराणशी नेरूळला बरोबरी साधलेल्या भारतीय संघाला करोनाच्या संसर्गामुळे माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत नेरूळला झाली व स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.

१५)
मैदानावरचे यशही आले. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये लीग आणि चषक दोन्ही जिंकले. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला नमवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मे २०२४ मध्ये त्याने पुन्हा चषक उंचावला. तरीही जुलै २०२५ मध्ये, आयोजक आणि महासंघ यांच्यातल्या २०१० च्या कराराचे नूतनीकरण न झाल्याने, नवा हंगामच रोखून धरला गेला. एका करारावाचून देशभरातील शेकडो खेळाडूंची उपजीविका टांगणीला लागली. त्यांच्यामागे रेल्वे किंवा गिरणीची कायमची नोकरी नव्हती.

१६)
याच्या उलट चित्र कोल्हापूरचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. तेथे पैसा थोडा, राष्ट्रीय कीर्ती त्याहून थोडी. पण तालीम कुणा एकाची नसते. आश्रयदाता गेला तरी पेठ जागेवरच असते आणि नवी मुले तोच रंग अंगावर चढवतात. फुटबॉलचे प्रेम पिढ्यान्‌पिढ्या कसे टिकते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत जुने उत्तर हेच आहे.

१७)
म्हणूनच पनवेलच्या हद्दीतल्या खारघरच्या मैदानांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहायला हवे. मुंबईला प्रेक्षक नेहमीच होते. कधी पलटणींचे सामने पाहायला, कधी कंपन्यांचे, कधी परदेशी ताऱ्यांचे. उणीव होती ती फुटबॉलच्या हक्काच्या जमिनीची आणि त्या जमिनीला आपले मानणाऱ्या वस्तीची. त्यांतली पहिली गोष्ट आता शासकीय नियोजनातून उभी राहिली आहे. दुसरी नियोजनातून उभी राहत नाही. ती कोल्हापुरात पेठांनी उभी केली, आणि हार्बर मार्गावर ती उभारण्याचे काम खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेलच्या मुलामुलींकडे आले आहे.