पस्तीस हजारांची हिंमत

पोस्ट थोडी मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात वडगावला कचेरीच्या कामाला गेलो होतो. बाहेर टपरीवर पवन मावळातला एक ओळखीचा पोल्ट्रीवाला भेटला. हातात प्लास्टिकची फाइल. रस्त्याकडेच्या जमिनीवरून त्याचा वाद चालू आहे, दोनदा रात्री शेडवर माणसं येऊन गेली, हे मला माहीत होतं. त्यानं फाइल पुढे केली. आत शस्त्रपरवान्याचा अर्ज.

"भाऊ, बावीसचं रिव्हॉल्वर म्हणे पस्तीस-चाळीस हजारात येतं. सरकारी कारखान्याचं. मोठं घ्यायचं तर लाखाच्या वर जातं. घ्यावं का बावीसचं?"

मी म्हणालो, "मी पत्रकार आहे रे, बंदूकवाला नाही."

"म्हणून तर विचारतोय. बंदूकवाला 'घ्या'च म्हणणार."

त्याला तिथं अर्धवट उत्तर दिलं. मग घरी येऊन वाचत बसलो. वीस वर्षं 'एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त' ही बातमी मी इतक्या वेळा लिहिली आहे की हात आपोआप चालतो. पण हे काडतूस म्हणजे नेमकं काय, ते स्वस्त का आणि भरवशाचं किती, हे कधी नीट समजून घेतलं नव्हतं.

सुरुवात बावीसच्या काडतुसापासून. याला रिमफायर म्हणतात. रिम म्हणजे काडतुसाच्या बुडाची कड. मोठ्या काडतुसात बुडाच्या मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते आणि घोड्याचा ठोका त्या टोपीवर पडतो. बावीसच्या काडतुसात वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत फिरवून भरलेला असतो. ठोका कडेवर पडला की कड चेपते आणि बार उडतो. भाग कमी, पितळ पातळ, शिसं थोडं, म्हणून काडतूस स्वस्त. दाब कमी, म्हणून हत्यारही हलकं आणि स्वस्त करता येतं. धक्का कमी, आवाज कमी.

हा प्रकार मुळात माणसं मारायला निघालाच नव्हता. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या बंदूककारानं तो काढला, तो दिवाणखान्यात बसून निशाणा लावायच्या खेळासाठी! पुढे अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं बावीसच्या काडतुसाचं सात बारांचं छोटं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. साल १८५७. त्याच साली आपल्याकडे एनफील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून शिपाई उठले होते. इथं काडतूस दातानं फोडायचं की नाही यावर माणसं फासावर जात होती, आणि तिकडे खिशात मावणारं धातूचं काडतूस दुकानात विकायला आलं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात कितीतरी सैनिक हे रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशानं घेऊन खिशात ठेवायचे. सरकारनं दिलेलं हत्यार वेगळं, हे मनाच्या धीरासाठी. आज आपण ज्याला बावीसचं काडतूस म्हणतो, तो लाँग रायफल प्रकार १८८७ चा. त्याचा आराखडा आजही तोच आहे.

आपल्याकडे मात्र हे दुकान उघडलंच नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आपली लोकल रोज त्याच गावावरून जाते. पण तिथला माल सरकारचा. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद केलं, गोऱ्यांना सूट दिली. त्यामुळे आपल्या भागात पिस्तूल ही वस्तू म्हणून आली नाही, दंतकथा म्हणून आली. चिंचवडच्या चापेकरांनी २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यात एक तपशील आपण विसरतो. दामोदरपंत धावत्या बग्गीच्या मागे चढले आणि अगदी हाताच्या अंतरावरून बार काढला. त्या काळच्या हत्याराचा लांबून भरवसा नव्हता.

१९३१ ची हकीकत तर याहून बोलकी. २२ जुलैला फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर जवळून गोळी झाडली. गोळी नेमकी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि हॉटसन वाचला. हिंमत पूर्ण होती, अंतर हातभर होतं, तरी निकाल एका बटणानं लावला. ही हत्यारं रिमफायर होती असं मी म्हणत नाही. पण पिस्तूल म्हणजे 'दाबलं की काम झालं' हे जे आपल्या डोक्यात सिनेमानं भरलंय, ते या दोन्ही गोष्टींत बसत नाही.

आता बावीसच्या भरवशाबद्दल. दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आठवा. दहा टिकल्यांत एखादी फुसकी निघायचीच. आपण पुन्हा खटका ओढायचो. रिमफायरचं थोडं तसंच आहे. कडेत मसाला सगळीकडे सारखा बसला नाही आणि ठोका नेमका कमी मसाल्याच्या जागी पडला, तर काडतूस उडत नाही. चांगल्या कंपनीचा माल असेल तर हे क्वचित होतं, पण मधल्या टोपीच्या काडतुसापेक्षा जास्त वेळा होतं. रिव्हॉल्वर असेल तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. मॅगझिनवालं पिस्तूल असेल तर अडचण वाढते. ते स्वतःच्याच बाराच्या झटक्यानं पुढचं काडतूस भरतं, आणि इथं झटकाच कमी. बाहेर आलेल्या कडा मॅगझिनमध्ये एकमेकांत अडकतात. शिशाचा आणि मेणाचा थर साचतो. एका कंपनीचं काडतूस चालतं, दुसऱ्याचं अडतं. पिस्तूल जितकं स्वस्त, तितके हे नखरे जास्त.

कॉलेजात असताना एका शिबिरात मी बावीसच्या रायफलीचे पाच राउंड झाडले होते. तिसरा उडाला नाही. मी 'काय झालं' म्हणून बघायला रायफल वळवणार, तेवढ्यात मागून उस्तादांनी मान धरली. "नळी समोर! हलू नको!" कधी कधी बार उशिरा उडतो, हे मला तेव्हा कळलं. तिथं मान धरणारा माणूस होता. रात्री दोन वाजता पोल्ट्रीच्या शेडवर कोण असणार?

याच बावीसच्या काडतुसानं महाराष्ट्राचं नावही केलंय, हेही सांगितलं पाहिजे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते बावीसच्या रिमफायर पिस्तुलानं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलीत कांस्य आणलं, तीही बावीसचीच. ही हत्यारं लाखांची असतात, काडतुसं पारखून घेतलेली असतात. तरीही पिस्तुलाच्या नियमात हत्यार अडलं तर काय करायचं याची वेगळी तरतूद आहे. खेळाडूची चूक नसेल तर पुन्हा झाडायची संधी मिळते. म्हणजे जगातल्या उत्तम रिमफायर पिस्तुलाबद्दलही नियम करणाऱ्यांनी 'हे अडू शकतं' असं धरलेलं आहे. बालेवाडीच्या रेंजवर ते चालतं. आपल्या दारात पुन्हा संधी कोणी देत नाही.

'मग फुसकंच आहे, काय बिघडलं?' असं कोणी म्हणेल. इथंच गफलत होते. १९६८ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसला रॉबर्ट केनेडी मारले गेले ते बावीसच्या स्वस्त रिव्हॉल्वरनं. त्यानंतर त्याच वर्षी अमेरिकेनं अशा छोट्या स्वस्त पिस्तुलांच्या आयातीवर बंदी घातली. एका जर्मन कंपनीनं मग सुटे भाग पाठवून मायामीतच रिव्हॉल्वरं जोडायला सुरुवात केली. त्यातलंच एक, पन्नास डॉलरच्या आतलं, ३० मार्च १९८१ ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर रोखलं गेलं. दोन सेकंदांच्या आत सहा बार. रेगन यांना एकही गोळी सरळ लागली नाही. सहावी गाडीवर आपटून उडाली आणि काखेखालून हृदयाजवळ जाऊन थांबली. पहिली मात्र त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गेली. ते जन्माचे अपंग झाले. एक पोलीस आणि एक सुरक्षारक्षक जखमी झाले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इतकंच. स्वस्त पिस्तूल हवं तेव्हा चालेल याचा भरवसा नाही. आणि नको तेव्हा, नको त्याला लागणार नाही, याचाही नाही. बावीसची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, पण मोकळ्या माळावर ती किलोमीटरभराच्या पलीकडे जाऊ शकते. आपल्या मावळात घरामागे भातखाचर, त्यामागे पुन्हा कोणाचं तरी घर.

तरी आकर्षण का? आपल्याकडचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. एक्स्प्रेस वे आला, एमआयडीसी आली, गुंठ्याला भाव आला, त्याबरोबर भांडणं आली. कमरेला 'घोडा' असलेला माणूस लग्नात वेगळा दिसायला लागला. ज्याला परवाना मिळत नाही तो गावठी कट्ट्याकडे वळतो. चोपडा तालुक्याच्या हद्दीला अनेर नदीपलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी हे गाव यासाठी बदनाम झालंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथं जाऊन भट्ट्या मोडल्या. तो माल सहसा रिमफायर नसतो, पण ओढ तीच, थोडक्या पैशात हिंमत. आणि भरवसा बावीसपेक्षाही कमी, कारण नळी कशाची आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. नुसता जवळ बाळगला तरी आता किमान दोन वर्षं शिक्षा आहे. १२ मे २०२३ ला तळेगाव नगरपरिषदेच्या दारात भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या, ते आपण विसरलेलो नाही. त्या दिवशी मी बातमी लिहिली. त्यानंतरच्या आठवड्यात दोन ओळखीच्या माणसांनी मला विचारलं होतं, "परवान्याला काय काय लागतं?"

म्हणजे भीती पसरली की पिस्तुलाची मागणी वाढते. मागणी वाढली की भीती अजून वाढते.

पोल्ट्रीवाल्याच्या भीतीला मी हसत नाही. रात्री शेडवर माणसं येतात तेव्हा त्याला एकट्यालाच बाहेर यावं लागतं. कायदा त्याला अर्जाचा हक्क देतो, तो त्यानं वापरावा की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं. परवा फोनवर मी त्याला वरचं सगळं सांगितलं. मग एकच विचारलं, "घरात ठेवशील कुठं?"

तो जरा थांबला. "कपाटात."

"किल्ली?"

"ती पोराला माहिती आहे, भाऊ."

पोरगा सातवीत आहे. दिवाळीत टिकल्यांची बंदूक अजून हौसेनं उडवतो. फुसकी निघाली की नळीत डोकावून बघतो.

अर्ज अजून फाइलमध्येच आहे असं तो म्हणाला. आधी शेडला दोन फ्लडलाइट आणि कॅमेरा लावतोय, जमिनीच्या वादाची तक्रार लेखी देतोय, आणि पोचपावती घेतोय. ती तक्रार वेळेत ऐकली गेली तर कदाचित अर्जाची गरजच पडणार नाही. ते ऐकणं ज्यांचं काम आहे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचावी म्हणून लिहिली.

तुमच्या गावात काय चाललंय, ते कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत.