खाटेवरची चित्रशाळा

क्षयावर औषध नव्हते, तेव्हा उपचार म्हणजे पडून राहणे. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने सक्तीची विश्रांती. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात मिडहर्स्ट गावाजवळचे किंग एडवर्ड सातवे सॅनेटोरियम १९०६ साली याचसाठी सुरू झाले. दक्षिणेला तोंड करून असलेल्या खोल्या, गर्ट्रूड जेकिल यांनी आखलेल्या बागा. जागा देखणी होती. पण खाटेवर खिळलेल्या माणसाला तिथेही दिवस खायला उठे.

१९३८ मध्ये एड्रियन हिल क्षयरोगी म्हणून तिथे दाखल झाले. हिल हाडाचे चित्रकार. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरची दृश्ये त्यांनी इम्पीरियल वॉर म्युझियमसाठी रेखाटली होती. आता अंथरुणातून दिसेल तेवढेच जग उरले होते. त्यांनी तेच चितारायला घेतले, आणि हात कामाला लागल्यावर मनावरचे ओझे हलके होते हे त्यांना जाणवले.

१९४१ मध्ये सॅनेटोरियमने रुग्णांसाठी हस्तव्यवसाय सुरू केले आणि हिल यांच्याकडे चित्रकला शिकवण्याचे काम आले. आधी जखमी सैनिक, मग इतर रुग्ण त्यांच्यापुढे बसू लागले. ज्यांनी कधी कुंचला धरला नव्हता, त्यांच्या कागदांवर लढाईच्या आठवणी आणि आजाराची भीती उतरू लागली. डॉक्टरांपाशी जे बोलता येत नव्हते, ते चित्राच्या निमित्ताने बोलता येई. हिल यांचे खरे मोठेपण मला इथे दिसते: चित्र चांगले की वाईट, यापेक्षा ते काढणाऱ्याच्या मनाची उभारी त्यांनी मोलाची मानली. या कामाला १९४२ मध्ये त्यांनी ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले. १९४५ मध्ये त्यांचे ‘आर्ट व्हर्सस इलनेस’ हे पुस्तक आले.

चित्रांनी क्षयाचे जंतू मेले नाहीत. ते काम स्ट्रेप्टोमायसिनचे. तो शोध १९४३ चा. औषधे आली, तशी क्षयाची सॅनेटोरियमे ओस पडत गेली.

चित्रे मात्र रुग्णालयांत टिकली. रेडक्रॉसच्या योजनेतून नामवंत चित्रांच्या प्रती वॉर्डांत फिरू लागल्या आणि त्यांवर व्याख्याने होऊ लागली. या कामात हिल यांना साथ देणारे एडवर्ड ॲडमसन १९४६ पासून नेदर्न येथील मनोरुग्णालयात रुग्णांची चित्रशाळा चालवू लागले. १९६४ मध्ये ब्रिटनमधील कला-उपचारकांची संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्षपद हिल यांच्याकडे गेले, म्हणजे मिडहर्स्टच्या एका जुन्या रुग्णाकडेच.