चंद्राची छबी

सातपुड्याच्या पायथ्याशीं तळोद्यास अष्टमीचा चंद्र पाहून कोणा हौशी तरुणास त्याचें छायाचित्र घ्यावेंसें वाटलें, तर पहिल्या प्रयत्नांत हातीं लागतो तो केवळ पांढरा ठिपका. चूक यंत्राची नसते. रात्र अंधारी असली, तरी चंद्र म्हणजे भर उन्हांतला खडक. त्याचा प्रकाश क्षणभरच आंत घ्यावा लागतो.

१८४० सालीं न्यूयॉर्क येथें जॉन ड्रेपर यानें चंद्राची पहिली स्पष्ट छबी टिपली, तेव्हां सुमारें २० मिनिटें लागलीं. महाराष्ट्रांत या विद्येंतलें मोठें नांव कावसजी दादाभाई नायगमवाला यांचें. भावनगरच्या महाराजांची देणगी व सरकारचें साह्य मिळवून त्यांनीं पुण्यास सायन्स कॉलेजांत वेधशाळा उभारली. १९१२ सालीं त्यांच्या निवृत्तीबरोबर ती बंद झाली व तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तत्पूर्वीं, २२ जानेवारी १८९८ रोजीं, जेऊर येथें चंद्रानें सूर्य पूर्ण झांकला. त्या अवघ्या दोन मिनिटांत त्यांनीं सूर्याच्या कडेचे वर्णपट काचांवर उतरविले. हात चुकता, तर दुसरी संधी नव्हती.

आजच्या नवशिक्यास ती धास्ती नाहीं. चंद्र उद्यां पुन्हां उगवतो. हवा थरथरते, म्हणून शेंकडों छब्या घ्याव्या, स्वच्छ तेवढ्या निवडून संगणकावर एकमेकींवर बसवाव्या, म्हणजे विवरें उमटतात. पौर्णिमेपेक्षां अष्टमी बरी. उजेड तिरपा, सावल्या लांब. छबीला धार देतांना मात्र हात आंखडावा. अतिरेक झाला, कीं चंद्रावर नसलेल्या रेषा दिसूं लागतात. जेऊरच्या काचांचें मोल त्यांच्या सौंदर्यांत नव्हतें. त्यांच्या खरेपणांत होतें.