बोरीवलीचे २१ बाइट

‘बोरीवली’ हा शब्द मराठी वाचकाच्या लेखी चार अक्षरांचा आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या लेखी तो सात चिन्हांचा आहे, कारण ब, ओकार, र, ईकार, व, ल आणि पुन्हा ईकार यांना तिथे वेगवेगळे क्रमांक दिलेले आहेत. फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवल्यावर मात्र तोच शब्द २१ बाइट व्यापतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला त्या पद्धतीत तीन बाइट लागतात. एकविसाचे सात करण्याचे काम कोणी करायचे आणि कोणत्या टप्प्यावर करायचे, या प्रश्नाचे उत्तर ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील एका जुन्या प्रथेत सापडते. एका प्रवाहाभोवती दुसऱ्या प्रवाहाचे वेष्टन चढवायचे आणि आपल्याला जे करायचे नाही ते काम आतल्याकडे सोपवायचे, अशी ती प्रथा आहे. या प्रथेने अनेक अडचणी सोडवल्या, पण तिच्या पायाशी ‘एक बाइट म्हणजे एक अक्षर’ असे एक गृहीतक दडलेले होते, आणि मराठीसारख्या भाषांचा मजकूर आत आला की ते चुकीचे असल्याचे उघड होत असे.

प्रवाह किंवा स्ट्रीम म्हणजे एकामागून एक येणाऱ्या बाइटांची रांग. ती फाइलमधून येते की नेटवर्कवरून, याची चौकशी वाचणाऱ्याला करावी लागत नाही. बागेतल्या पाण्याच्या नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत, असे डग्लस मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्जमधील एका टिपणात १९६४ साली सुचवले होते, आणि केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ आणून ती कल्पना प्रत्यक्षात उतरवली. पाण्याची ही उपमा बोरीवलीच्या परिसराला मुळीच परकी नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवलेले आहे, आणि तिथल्या प्राकृत शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ असे म्हटलेले आहे. पाऊस एकदम कोसळतो पण तहान थोडी थोडी आणि वर्षभर लागते. संगणकातही डिस्क एका फेरीत हजारो बाइट देऊ शकते पण प्रोग्रॅमला ते एकेक करून हवे असतात. या दोहोंच्या मध्ये जो साठा ठेवावा लागतो त्याला प्रोग्रॅमर बफर म्हणतात. कान्हेरीच्या भिक्षूंची पोढी हेच काम करत होती.

डाल आणि न्यूगार्ड यांच्या नॉर्वेतील सिम्युला ६७ या भाषेने क्लास आणि वारसा, म्हणजे एका क्लासचे गुण दुसऱ्याने उचलण्याची सोय, या दोन्ही कल्पना रूढ केल्या. परंतु प्रवाहांच्या बाबतीत वारशावर विसंबणे महाग पडते, हे साध्या हिशेबावरून दिसते. बाइट फाइल, नेटवर्क आणि स्मृती अशा तीन ठिकाणांहून येत असतील, आणि त्यांवर बफर ठेवणे, दाबून साठवलेला मजकूर उलगडणे व वाचलेला बाइट परत टाकणे असे तीन संस्कार हवे तसे करायचे असतील, तर प्रत्येक जोडणीसाठी वेगळा क्लास लिहिताना २४ क्लास होतात. तेच संस्कार वेष्टनाच्या रूपाने लिहिले की सहा क्लास पुरतात, कारण प्रत्येक वेष्टन बाहेरून प्रवाहासारखेच दिसते आणि पोटात कोणताही दुसरा प्रवाह बाळगू शकते. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या १९९४ च्या ग्रंथाने या रचनेला ‘डेकोरेटर’ हे नाव दिले, आणि तिच्या उदाहरणांत प्रवाहांचाही समावेश केला.

भारतीय लिप्यांच्या संदर्भात मात्र वेष्टनाचा प्रयोग त्याआधीच, आणि तोही सॉफ्टवेअरऐवजी यंत्रभागात, झालेला होता. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले, आणि त्याचे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसवरचे प्रोग्रॅम, त्यांच्यात काहीही न बदलता, देवनागरीत चालू लागत. कळफलक आणि पडदा यांच्यामध्ये उभे राहून हे कार्ड अक्षरांची जुळणी स्वतः करत असे आणि उरलेले सारे काम मूळ प्रोग्रॅमवर सोपवत असे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मान्य केलेल्या ‘इस्की’ या संकेतसंचाची घडणही याच विचाराची होती. पहिले १२८ क्रमांक रोमन लिपीसाठी तसेच ठेवून वरच्या क्रमांकांत भारतीय वर्ण बसवल्यामुळे त्यात ‘बोरीवली’ सात बाइटांत मावत असे. तरीही छपाईच्या व्यवसायात त्याच दशकात रुळलेल्या फॉन्टांनी आपापले वेगळे क्रमांक वापरले, आणि फॉन्ट बदलला की फाइलमधला मराठी मजकूर अर्थहीन ठरू लागला. याचे कारण बाइटांच्या स्वरूपातच होते: १७९ हा बाइट कोणत्या संकेतातला आहे, हे त्या बाइटवर कुठेही लिहिलेले नसते.

सन मायक्रोसिस्टिम्सने जानेवारी १९९६ मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची १.० ही आवृत्ती आणली, तेव्हा तिच्या वाचनव्यवस्थेचा पाया ‘इनपुटस्ट्रीम’ हा क्लास होता. त्याची वाचण्याची मूळ मेथड दर वेळी ० ते २५५ मधली एक संख्या देते आणि प्रवाह संपला की उणे एक देते. सर्व वेष्टनांचा पूर्वज म्हणून नेमलेला ‘फिल्टरइनपुटस्ट्रीम’ स्वतः काहीच करत नाही. प्रत्येक मागणी तो आतल्या प्रवाहाकडे पाठवतो, आणि बाहेरचे वेष्टन बंद केले की आतला प्रवाहही बंद करतो. काम सोपवण्याच्या या रीतीला शास्त्रीय मराठीत प्रत्यायोजन म्हणता येईल, परंतु हेन्री लीबरमन यांनी १९८६ च्या निबंधात मांडलेले प्रत्यायोजन आणि जावातले सोपवणे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. लीबरमन यांच्या मांडणीत काम आत गेले तरी ‘स्वतः’ हा शब्द बाहेरच्या मूळ ऑब्जेक्टलाच लागू राहतो; जावात तो आत गेल्यावर आतल्याचा होतो. या भेदाचा फटका नवख्या प्रोग्रॅमरला हमखास बसतो. त्याने बाइट मोजणारे वेष्टन लिहिले, पण त्यात एकेक बाइट वाचणारी मेथडच तेवढी बदलली, तर ‘बोरीवली’चे २१ बाइट एका दमात मागितल्यावर ती मागणी वेष्टनाच्या मोजणीला वळसा घालून थेट आतल्या प्रवाहाकडे जाते आणि मोजणी शून्यावरच राहते.

त्याहून खोल उणीव अक्षरांच्या बाबतीत होती. जावाने अक्षरासाठी पहिल्यापासून १६ बिटांचे युनिकोड स्वीकारले होते, म्हणजे भाषेच्या पोटात मराठीला जागा होती; मात्र आत येण्याच्या दारावर ‘डेटाइनपुटस्ट्रीम’ची ओळ वाचणारी मेथड प्रत्येक बाइटचे परस्पर एक अक्षर करत असे. तिच्यातून यूटीएफ-८ मधला ‘बोरीवली’ शब्द आला की त्याची २१ निरर्थक चिन्हे होत, आणि २२४ हा बाइट प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या आरंभी येत असल्यामुळे दर दोन चिन्हांनंतर डोक्यावर तिरकी रेघ असलेले तेच एक रोमन अक्षर उमटत असे. फेब्रुवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीत ही मेथड आणि ओळी मोजणारे ‘लाइननंबरइनपुटस्ट्रीम’ हे वेष्टन, दोन्ही त्याज्य ठरवण्यात आली, आणि ‘रीडर’ ही अक्षरांच्या प्रवाहांची वेगळी शाखा सुरू झाली. बाइटांची आणि अक्षरांची अशा दोन शाखा जोडणारा सांधा म्हणजे ‘इनपुटस्ट्रीमरीडर’. हे वेष्टन आधीच्या वेष्टनांपेक्षा वेगळे आहे, कारण त्याच्या आत बाइटांचा प्रवाह असतो पण बाहेरून ते अक्षरांचा प्रवाह म्हणून वावरते, आणि कोणत्या संकेताने भाषांतर करायचे ते त्याला सांगता येते. जावाच्या विस्तारित संकेतसंचांत पुढे इस्की-९१ देखील आले, त्यामुळे सात बाइटांचा जुना मजकूर आणि २१ बाइटांचा नवा मजकूर, दोन्ही या एकाच सांध्यातून आत येऊ शकले.

वेष्टनांचा क्रमही याच सांध्याने ठरवून दिला: दाबलेला मजकूर उलगडणे हे बाइटांचे काम असल्यामुळे ते सांध्याच्या आत राहिले, तर ओळी मोजणे हे अक्षरांचे काम असल्यामुळे ते बाहेर गेले. मात्र संकेताचे नाव सांगायचे राहिले तर जावा त्या त्या संगणकाच्या व्यवस्थेतला संकेत गृहीत धरत असे, म्हणून एकच प्रोग्रॅम एका यंत्रावर ‘बोरीवली’ दाखवी आणि दुसऱ्यावर कचरा. मार्च २०२२ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीने सर्व यंत्रांवर यूटीएफ-८ हेच गृहीत मानले, तेव्हा १.१ आवृत्तीला २५ वर्षे उलटून गेली होती.

या सांध्याच्या पोटातही एक पोढी आहे. बाइटांच्या बफरची नेहमीची क्षमता ८१९२ असते, आणि त्या संख्येला तीनने भागले की बाकी दोन उरते. त्यामुळे केवळ देवनागरी चिन्हांनी भरलेली मोठी फाइल वाचताना पहिल्या भरण्यात २७३० चिन्हे पूर्ण होतात आणि २७३१ व्या चिन्हाचे दोनच बाइट हाती येतात. त्या दोन बाइटांचे घाईने अक्षर केले तर मजकूर बिघडतो आणि ते टाकून दिले तर चिन्हच हरवते. म्हणून सांधा त्यांना बाजूला ठेवतो, आतल्या प्रवाहाकडे पुढचे पाणी मागतो, आणि तिसरा बाइट आल्यावरच ते चिन्ह बाहेर सोडतो. जुन्या वेष्टनांना हे थांबणे ठाऊक नव्हते, कारण रोमन अक्षर एका बाइटात संपत असल्यामुळे थांबण्याची गरजच कधी पडली नव्हती.