लोणादित्याचं गाव

मुंबई-नाशिक महामार्ग सोडून सोनाळ्याकडून लोणाडच्या बाजूला निघालं की आधी दिसतात ते पत्रे. गाळ्यांमागे गाळे, त्यांच्या तोंडाशी पाठ लावून उभे असलेले कंटेनर आणि मधल्या फटींत अजून तगून असलेली भातखाचरं. भिवंडी म्हटलं की पूर्वी यंत्रमागाची खडखड आठवायची, आता गोदामं आठवतात. या गर्दीत हजार वर्षांपूर्वीचा पत्ता जपून असलेलं एक गाव दडलंय, हे नाक्यावर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला सांगितलं तर तो हसेल.

पत्ता ताम्रपटावर कोरलेला आहे. शके ९१९, म्हणजे इसवी सन ९९७. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याने भादाण नावाचं गाव दान दिलं. दान घेणारा माणूस नव्हे, देव होता: ‘लवणेतट’ इथला सूर्यदेव लोणादित्य. लवणेतट म्हणजे आजचं लोणाड आणि भादाण म्हणजे याच तालुक्यातलं भादाणे, असं अभ्यासक मानतात. लवणाचं लोण झालं. त्याच लवणाने मराठीला लोणचं दिलं. उल्हास नदीची खाडी कल्याणपर्यंत आत शिरते. तिच्या भरतीचं खारं पाणी आणि काठची मिठागरं बघता या मुलखातल्या एका गावाने मिठाचं नाव घ्यावं, आणि देवानेही गावाचं नाव लावावं, यात नवल नाही.

या ताम्रपटाची खरी गंमत मात्र निराळीच. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. चालुक्य तैलपाने ९७३ साली राष्ट्रकूटांची सत्ता बुडवली. एखाद्या चतुर मांडलिकाने लगेच नव्या धन्याचे गोडवे गायले असते. अपराजिताने चोवीस वर्षांनंतरही आपल्या दानपत्रात राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ दिली आणि त्यांच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त केली. पदरी मोठमोठी बिरुदं, कारभार जवळपास स्वतंत्र, तरी जुन्या घराण्याचा शोक. तो खरा होता की तैलपाला मान न तुकवण्याची सभ्य तऱ्हा? दुसरी शक्यता जास्त पटते.

लोणादित्याचं देऊळ आज उभं नाही. गावात आहे ते शिवालय. त्याचं शिखर ढासळलं आहे, पण उरलेल्या दगडांवरचं कोरीवकाम बघून शके ९८२ च्या अंबरनाथच्या देवळाची आठवण होते. गावाजवळच्या टेकडीत याहूनही जुनी, साधारण सहाव्या शतकातली बौद्ध लेणी आहे. तिथल्या शिल्पपटात राजा, परिवार, सेवक अशी दाटी आहे. भिक्षू केव्हाच गेले. आता तिथे खंडेश्वरी देवी नांदते आणि लोक लेणीलाही तिच्याच नावाने ओळखतात.

गावाशेजारचा चौधरपाडा आणखी एक दस्तऐवज सांभाळून आहे. केशिदेव शिलाहाराचा हा शिलालेख शके ११६१ चा. तिथी माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे महाशिवरात्र. त्या दिवशी राजाने कवी सोमन याला ब्रह्मपुरी नावाची वस्ती दिली. लेखात बापग्रामाचं नाव येतं. बापगाव आजही लोणाडच्या शेजारीच आहे. पावणेआठशे वर्षांत राजे, भाषा, देव बदलले, बापगावाने मात्र फक्त ‘ग्राम’चं ‘गाव’ केलं.

शिलाहारांच्या अशा दगडांची ठेवण ठरलेली. वर कलश आणि चंद्र-सूर्य: चंद्र-सूर्य आकाशात असेतो दान चालावं. मध्ये मजकूर. आणि तळाशी कित्येकदा गाढव व स्त्री यांचं असं शिल्प, की गावची म्हातारी माणसं लहान मुलांना तिथून पुढे हाकतात. हा गधेगळ. दान मोडील त्याच्या आईला ही शिवी. परळच्या शके ११०८ च्या लेखात ती चक्क मराठीत लिहिली आहे. ज्याला अक्षरओळख नाही त्याने चित्र बघून समजावं, अशी ही सोय. लोणाडच्या शिवारातही गधेगळ आहे. जमिनीवर डोळा ठेवणारे तेव्हाही कमी नसणार, नाहीतर इतक्या खालच्या पातळीची धमकी दगडात कोरायची वेळ राजावर आली नसती.

हे सगळं याच कोपऱ्यात का साचलं, याचं उत्तर वाटांमध्ये आहे. सोपारा आणि कल्याण ही तेव्हाची बंदरं. तिथून माल घाटाखाली यायचा आणि नाणेघाटातून जुन्नरकडे चढायचा. वाटेवर व्यापारी, व्यापाऱ्यांच्या दानावर विहार, पुढे देवळं. मुंबईजवळ, पण महापालिकांच्या हद्दीबाहेरची म्हणून जमीन स्वस्त आणि तेव्हाची जकातही नाही, या हिशेबाने अलीकडे गोदामं आली. शेती करणारी आगरी, कुणबी कुटुंबं गाळेमालक झाली. काहींनी जमीन विकून टाकली आणि त्यांची मुलं त्याच जागेवर पाळीने मालाची मोजदाद करू लागली.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरहून ७०१ किलोमीटर धावत येणारा हा रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला संपतो. तिथून लोणाड जवळच. रात्री कंटेनरवाले मोबाइलच्या नकाशावर गाळा नंबर शोधत फिरतात आणि वळण चुकलं की कोणाला तरी विचारतात, ‘बापगाव किधर?’